शीलेच्या बसलेल्या स्त्रीपासून सुरुवात करताना

प्रत काढून सराव करण्यासाठी तुम्ही ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीले यांचे १९१७ मधील गुडघा उंचावून बसलेल्या स्त्रीचे चित्र निवडलेत, ही निवड उत्तम आहे. मूळ काम कागदावर काळ्या खडूने आणि जलरंग-ग्वाशने (ग्वाश म्हणजे अपारदर्शक जलरंग) केलेले असून पार्श्वभूमी जवळजवळ कोरीच आहे.

निम्म्याहून अधिक वेळ रेखाटनाला द्या. नवशिक्यांची नजर चेहऱ्यावर खिळते आणि डोळे-ओठ मनासारखे उतरल्यावर लक्षात येते की गुडघ्यावर टेकलेले डोके मानेशी जुळतच नाही. म्हणून आधी संपूर्ण बैठकीची बाह्यरेषा काढा आणि हात व पाय यांच्यामध्ये उरणाऱ्या मोकळ्या जागांचे आकार मूळ चित्राशी ताडून पाहा. रेषा टोकदार वाटली तरी ती घोटून गुळगुळीत करू नका, कारण चित्रातला सारा ताण तिथेच आहे.

रंगवताना दोन चुका हमखास होतात:

- ग्वाश वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे हिरव्या ब्लाउजवर वारंवार ब्रश फिरवल्यास रंग गढूळ होतो.
- त्वचेला सपाट गुलाबी रंग दिला जातो. त्याऐवजी कागद दिसू द्या आणि पातळ लाल-पिवळसर छटा मोजक्याच ठिकाणी लावा.

कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घ्या. रंगसिद्धान्ताचा अभ्यास सध्या बाजूला ठेवा आणि पहिली प्रत होताच दुसरी सुरू करा.