फाब्रेगस, पण फुटबॉलवाला नव्हे

प्रश्न: नमस्कार भाऊ, मुलगा सेस्क फाब्रेगसचं काहीतरी शोधत होता तर त्यात दुसराच एक फाब्रेगस निघाला, स्पेनच्या यादवीतला मंत्री, त्याने म्हणे बार्सिलोनातल्या फॅक्टऱ्या मालकांकडून काढून कामगारांना वाटल्या. खरं का हे? आणि हा त्याचा पणजोबा वगैरे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: आडनावाचं आधी उरकतो. ते लोहाराच्या भट्टीवरून आलेलं, कॅटलान लोकांत बऱ्यापैकी चालणारं आडनाव आहे, आपल्याकडे तरी सगळे नाईक कुठे एकमेकांचे चुलते असतात!

तुमचा माणूस जोआन पाव फाब्रेगस. अर्थशास्त्रातला, आणि सीएनटी या अनार्किस्ट युनियनचा, म्हणजे ज्यांना मुळात सरकारच नको त्यांचा मंत्री, गंमतच ती. आता काढून घेतल्या म्हणाल तर त्याने नाही घेतल्या. जुलै १९३६ मध्ये लष्कराने उठाव केला, बार्सिलोनात तो मोडला, बरेच पात्रांव (मालक लोक) पळाले, काही मारलेही गेले (हे लपवायचं कशाला), आणि कामगारांनी कारखाने चालवायला घेतले सुद्धा, ट्रॅमवर युनियनचा लाल-काळा रंग चढला. फाब्रेगस कॅटलोनियाच्या, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या प्रांताच्या, सरकारात मंत्री झाला सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीला कायद्यात बसवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

तो २४ ऑक्टोबर १९३६ चा हुकूम वाचला की माणूस किती बारकाईने विचार करत होता ते कळतं. १०० च्या वर कामगार असतील तर कारखाना सामूहिक, तिथे चर्चा नाही. ५० ते १०० असतील तर पाऊण कामगारांनी हो म्हणायला हवं. त्याहून छोट्या ठिकाणी मालकाचीही संमती लागणार. आणि वाटल्या हा शब्द तर चुकलाच, कोणाच्या नावावर काही झालं नाही, कामगारांच्या सभेने कमिटी निवडायची आणि तिच्यात सरकारचा एक माणूस बसायचा. आपल्या गोव्यातल्या गांवकारीची, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या व्यवस्थेची, आठवण येते ना? पण आपल्याकडे झोण, म्हणजे त्या उत्पन्नातला वाटा, मिळायला गांवकाराच्या घरात जन्म घ्यावा लागतो, तिथे कामावर असलं की पुरे.

घोडं अडलं पैशाला. कच्चा माल बाहेरून आणायचा तर परकीय चलन हवं, ते माद्रिदच्या केंद्र सरकारच्या हातात, आणि माद्रिद काही केल्या हात सैल सोडेना. त्याच ऑक्टोबरात बँक ऑफ स्पेनचं ५१० टन सोनं कार्ताहेना बंदरातून बोटींत भरून रशियाला गेलं, कॅटलोनियाच्या वाट्याला त्यातलं काहीच नाही. माझ्या मते हुकुमात खोट नव्हती, गल्ल्यात खडखडाट होता.

डिसेंबरात मंत्रिमंडळ बदललं आणि फाब्रेगस गेला, तीन महिनेही पुरते झाले नाहीत. जानेवारी १९३९ मध्ये उठाववाल्यांचा पुढारी जनरल फ्रँको याचं सैन्य बार्सिलोनात शिरलं तसे पात्रांवही परतले. फ्रँकोला पाठिंबा कोणाचा, तर तेव्हा आपल्या गोव्याच्या डोक्यावर बसलेल्या पोर्तुगालच्या हुकूमशहाचा, सालाझारचा, आणि तो पण अर्थशास्त्राचाच प्रोफेसर, कोइंब्रा विद्यापीठाचा!