सगळ्या आयर्नची लांबी एकच असावी का?

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे असून गेली चार वर्षे मी गोल्फ खेळतो. हँडिकॅप (खेळातील कौशल्याचा आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) २२ आहे. सात नंबरचा आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) मला भरवशाने मारता येतो; मात्र पाच किंवा चार नंबर हातात घेतला की चेंडू एक तर जमिनीलगत सरपटत जातो किंवा उजवीकडे भरकटतो. अमेरिकी गोल्फपटू ब्रायसन डीशॅम्बो यांचे सर्व आयर्न एकाच लांबीचे असतात असे समजले. मग मीही सातच्या लांबीचा संपूर्ण संच का घेऊ नये? की आहेत त्याच क्लबांचे शाफ्ट (दांडे) कमी-जास्त करून घ्यावेत? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून आमचे मत असे की सहा ते नऊ नंबरपर्यंत एकच लांबी आपल्याला मानवू शकेल, परंतु ज्या चार-पाच नंबरांसाठी आपण हा विचार करीत आहात, तिथेच तिचा उपयोग सर्वांत कमी होईल. जुने शाफ्ट कापण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये.

नेहमीच्या संचात सात नंबरचा आयर्न साधारण ३७ इंचांचा असतो. नंबर एकाने उतरला की लांबी अर्ध्या इंचाने वाढते, म्हणजे पाच नंबर ३८ आणि चार नंबर साडेअडतीस इंचांचा; उलट नऊ नंबर ३६ इंचांचा. लांबी वाढते तसे डोक्याचे वजन कमी केले जाते, दर क्लबमागे सुमारे ७ ग्रॅमने, जेणेकरून फिरवताना सगळे क्लब हाताला सारखेच जड वाटावेत. सातच्या डोक्याचे वजन २७० ग्रॅमच्या आसपास धरले, तर पाचचे २५६ आणि नऊचे २८४ येते. लायचा कोन, म्हणजे क्लब जमिनीवर टेकवला असता शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन, हाही दर क्लबमागे अर्ध्या अंशाने बदलत जातो. एकाच लांबीच्या संचात लांबी, वजन आणि लाय या तिन्ही गोष्टी सातच्या आसपास गोठवतात व फरक फक्त लॉफ्टमध्ये, अर्थात क्लबच्या मुखाच्या कलात, ठेवतात. खेळाडूने उभे राहण्याची ठेवण, चेंडूपासूनचे अंतर आणि स्विंगची पातळी प्रत्येक वेळी तीच राहावी, हा त्यामागील हेतू. सरावाला थोडाच वेळ मिळणाऱ्या माणसाला तो पटावा यात नवल नाही.

ही कल्पना डीशॅम्बो यांच्या आधीची आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टॉमी आर्मर कंपनीने ‘ईक्यूएल’ नावाचा असा संच बाजारात आणला होता. लांब आयर्न कमी अंतर जातात आणि आखूड आयर्न गरजेपेक्षा जास्त जातात, अशा तक्रारी झाल्या आणि तो मागे पडला. डीशॅम्बो यांनी किशोरवयातच आपल्या प्रशिक्षकाच्या मदतीने साडेसदतीस इंचांचा संच तयार केला व त्याच्या साहाय्याने २०१५ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन वैयक्तिक अजिंक्यपद आणि यूएस ॲमॅच्युअर या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. त्यांच्याआधी हे जॅक निकलॉस, फिल मिकलसन, टायगर वूड्स आणि रायन मूर या चौघांनाच जमले होते. पुढे त्यांनी २०२० आणि २०२४ अशी दोनदा यूएस ओपन जिंकली, आणि कोब्रा कंपनीने २०१७ पासून ‘वन लेंग्थ’ संच विकायला आणले. इतके होऊनही व्यावसायिक खेळाडूंमध्ये त्यांचे अनुकरण जवळजवळ कोणी केले नाही, हे ध्यानात घ्यावे. पुण्यात जन्मलेले अनिर्बन लाहिरी लिव्ह गोल्फ लीगमध्ये डीशॅम्बो यांच्याच ‘क्रशर्स’ संघातून खेळले आणि २०२३ मध्ये त्या संघाने सांघिक विजेतेपदही मिळवले. तरी ही पद्धत सहकाऱ्यांत पसरल्याचे दिसले नाही.

याचे कारण वेगात आहे. शाफ्ट आखूड झाला की डोक्याचा वेग घटतो. चार नंबर साडेअडतीसवरून ३७ इंचांवर आणला, तर त्याला अंतर मिळवून देणाऱ्या दोन गोष्टींपैकी लांबी जाते आणि कमी लॉफ्ट तेवढा उरतो. लॉफ्ट कमी असला तरी चेंडू हवेत उंच चढण्यासाठी वेग लागतोच. डीशॅम्बो यांच्या अंगी तो मुबलक आहे, त्यामुळे इंचभर गमावूनही त्यांचा चेंडू चढतो आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) थांबतो. मध्यम वेगाच्या खेळाडूचा चेंडू मात्र खालूनच जातो, लवकर उतरतो आणि मग चार, पाच व सहा या तिन्ही आयर्नचे अंतर जवळपास एकच भरते. पिशवीत १४ क्लबांची मर्यादा असताना तीन क्लब एकाच अंतरासाठी बाळगणे परवडणारे नाही. आखूड क्लबाने चेंडू मुखाच्या मध्यावर अधिक वेळा लागतो आणि त्यातून वेगाची काही भरपाई होते, हे खरे. पण ती पुरेशी आहे की नाही, हे प्रत्येकाने मोजूनच ठरवावे.

येथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट सांगणे भाग आहे. नवशिक्यांसाठीच्या आजच्या पुष्कळ संचांत सात नंबरचा लॉफ्ट २८ ते ३० अंशांचा असतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तो ३५ अंशांच्या घरात असे. म्हणजे आपण ज्याला पाच नंबर म्हणता, तो लॉफ्टच्या दृष्टीने बहुधा आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळचा तीन नंबर आहे, आणि तो तेव्हाही सामान्य खेळाडूला झेपत नसे. दुकानातल्या माणसाला ‘माझा सात नंबर दीडशे यार्ड जातो’ असे म्हणणारे गिऱ्हाईक हवे असते, त्यातून हे घडले. तेव्हा आपल्या हाताला दोष देण्याआधी आपल्या पाच नंबरचा लॉफ्ट किती, ते एकदा तपासून घ्यावे.

दुसऱ्या टोकाला अडचण वेगळी आहे. साडेपस्तीस इंचांच्या पिचिंग वेजऐवजी (जवळच्या फटक्यांसाठीच्या जास्त लॉफ्टच्या क्लबऐवजी) ३७ इंचांचा वेज घेतला तर कमी वाकावे लागते आणि पाठ दुखणाऱ्यांना ते बरे वाटते. पूर्ण स्विंगला तो चालतोही, फक्त चेंडू थोडा उंच आणि थोडा लांब जातो. परंतु ग्रीनच्या आसपास अर्धा, पाव स्विंग करताना लांब शाफ्ट अंगाला आड येतो आणि बराच खाली धरावा लागतो. डीशॅम्बो यांनी २०२४च्या यूएस ओपनमध्ये पाइनहर्स्टच्या मैदानावर शेवटच्या होलला बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) सुमारे ५५ यार्डांचा जो अवघड फटका वेजने होलजवळ आणून ठेवला, त्यावरून हे अशक्य नाही हे सिद्ध होते. पण त्यामागील सराव आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याकडे नसतो. सँड वेज (वाळूतून चेंडू काढण्याचा वेज) नेहमीच्या लांबीचाच ठेवणे श्रेयस्कर.

खरेदीआधी एक प्रयोग फुकटात करता येईल. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) आपला पाच नंबर ग्रिपच्या टोकापासून एक इंच खाली धरा. त्याची कामाची लांबी सातएवढी होईल. डोके हलके वाटेल, म्हणून मागच्या बाजूस सुमारे १४ ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवा. आता चेंडू सातच्याच जागी ठेवून मारा आणि तो घरंगळत कुठवर गेला हे न पाहता हवेतून कुठे पडला ते पाहा. सातपेक्षा १५-२० यार्ड पुढे आणि दिशेला धरून पडत असेल, तर एकाच लांबीचा संच जरूर आजमावावा. फरक ७-८ यार्डांवर येत असेल, तर चार आणि पाच नंबर काढून त्यांच्या जागी हायब्रिड (आयर्नपेक्षा जाड, पोकळ डोक्याचे क्लब) घ्यावेत. हायब्रिडचा शाफ्ट लांब असला तरी डोक्यातील वजन खाली व मागे असल्याने चेंडू सहज उचलला जातो. आमचा कौल सध्या तरी हायब्रिडच्या बाजूने आहे.

नियमांची धास्ती बाळगू नये. क्लबची लांबी किमान १८ आणि पटर (ग्रीनवर चेंडू होलकडे लोटण्याचा क्लब) वगळता कमाल ४८ इंच असावी, एवढीच अट आहे. आयर्नच्या लांबी एकमेकांपेक्षा वेगळ्या असाव्यात असे नियम सांगत नाहीत.

राहिला प्रश्न कापण्याचा. चार नंबर दीड इंच कापला की त्याचे स्विंगवेट (फिरवताना डोके किती जड वाटते त्याचे माप) सुमारे ९ अंकांनी उतरते आणि ते भरून काढायला डोक्यावर साधारण २० ग्रॅम वजन चढवावे लागते. नऊ नंबरला एक इंचाचा जोड दिला तर उलट १४ ग्रॅम धातू घासून काढावा लागेल, जे व्यवहारात कोणी करीत नाही. शिवाय शाफ्ट कापल्याने तो अधिक ताठ होतो. लायचे गणित तर पुरते बिघडते : कापलेल्या चार नंबरची टाच उचलली जाऊन मुख उजवीकडे वळते, तर लांबवलेल्या वेजचे टोक वर उठून चेंडू डावीकडे जातो, आणि लॉफ्ट जास्त असल्यामुळे वेजमध्ये ही चूक अधिक जाणवते. ओतीव डोकी फार वाकवता येत नाहीत. जोर केला तर मानेपाशी तडकतात. आपला चार नंबर आजच उजवीकडे जातो आहे. तो कापलात, तर आणखी उजवीकडे जाईल.