‘पिंग मारणे’ अशुद्ध आहे का?

विचारणा अशी: ‘सर्व्हरला पिंग मारून बघ’ यातलं ‘मारणे’ हिंदीच्या वळणाचं आहे का, आणि ‘पिंग’ला मराठी शब्द कोणता?

‘मारणे’ अगदी घरचं आहे. मराठीत हाक मारतात आणि समोरचा ओ देतो. पिंगमध्ये हेच होतं. दुसरा संगणक उत्तर देतो का हे बघायला एक संगणक त्याला ‘इको रिक्वेस्ट’ नावाचं माहितीचं छोटं पाकीट पाठवतो, तो ‘इको रिप्लाय’ परत धाडतो. हाक आणि ओ, बस! म्हणून बोलणाऱ्यांनी नकळत ‘हाक मारणे’च्या चालीवर ‘पिंग मारणे’ केलं, आणि मला ते फार आवडतं.

मूळ शब्दही आवाजाचाच. अमेरिकी लष्कराच्या मेरीलंडमधल्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीचा माग काढणाऱ्या ‘सोनार’ या ध्वनियंत्राच्या आवाजावरून नाव दिलं. ‘पॅकेट इंटरनेट ग्रोपर’ हा PING या अक्षरांचा विस्तार मागाहून चिकटवलेला. आपल्या पिंगट, पिंगळा यांच्याशी नातं नाही. तिथे संस्कृतातला तांबूस-पिवळा ‘पिंग’ आहे.

तेव्हा पिंग पिंगच राहू द्या. माझा आक्षेप आहे तो ‘लेटन्सी’साठी, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या वेळेसाठी, सर्रास लिहिल्या जाणाऱ्या ‘विलंब’ला. विलंब म्हणजे ठरल्या वेळेहून झालेला उशीर. पिंग मारल्यावर पडद्यावर ‘३८ मिलिसेकंद’ दिसतात तो पाकिटाचा जाऊन-येऊन लागलेला वेळ. त्यात कुणी उशीर केलेला नसतो. पाकीट प्रकाशाच्या रूपात ज्यातून जातं त्या काचतंतूतून (ऑप्टिकल फायबर) प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन अंतर सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी येण्याजाण्याला ७० मिलिसेकंद लागणारच. याला मी ‘फेरीचा वेळ’ म्हणते. गेम खेळणारी मुलं तर या वेळेलाच पिंग म्हणतात: ‘आज पिंग खूप वाढलाय.’

उत्तर वेळेत आलं नाही की पडद्यावर येणाऱ्या ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ला मात्र ‘ओ आली नाही’ एवढंच म्हणावं, ‘सर्व्हर बंद आहे’ नव्हे. कित्येकदा सर्व्हर चालू असतो, वाटेतली फायरवॉल, म्हणजे नको ती पाकिटं रोखणारी पहारेकरी यंत्रणा, हाक अडवते.

राहिलं लिंग. हाक, साद, ओ सगळ्या स्त्रीलिंगी, पण माझ्या कानावर ‘पिंग मारला’च जास्त पडतं. मीही तसंच लिहिते.