लग्नाच्या एडिटिंगसाठी रायझन ९ घ्यावा की ताणून थ्रेडरिपर?

विचारणाऱ्यांनी दिलेली माहिती अशी: लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतात, प्रीमियर या सॉफ्टवेअरवर. जोडीला थोडं ब्लेंडर, म्हणजे थ्रीडीचं काम. पुढे एआयचं शिकायचंय. बजेट अडीच लाख. रायझन ९ ९९५०एक्स घ्यावा की थोडं कर्ज काढून थ्रेडरिपर ९९६०एक्स (दोन्ही एएमडीचे प्रोसेसर; पहिल्याला १६ कोअर, म्हणजे काम करणारे हात, दुसऱ्याला २४), "म्हणजे एकदाच घेतला की परत बघायला नको."

रायझन घ्या. किंवा इंटेल घ्या, ते खाली सांगतो. थ्रेडरिपर घेऊ नका.

खरं तर इथंच थांबलो असतो, पण ते "एकदाच घेतला की परत बघायला नको" वाचलं आणि राहवेना. जानेवारी २०२१ मध्ये हेच वाक्य मी आमच्या दादाला ऐकवलं होतं.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. कोल्हापुरात आमचा स्टुडिओ आहे, तो फोटो बघतो, मी व्हिडिओ आणि एडिटिंग. पहिल्या लॉकडाउननंतर थोडे पैसे हातात होते. दादाचं म्हणणं होतं, सेकंडहँड ईको व्हॅन घेऊ, लाइटं आणि स्टँड रिक्षातून नेताना जीव जातो. माझ्या डोक्यात थ्रेडरिपर ३९६०एक्स बसलेला. २४ कोअर, ४८ थ्रेड, मेमरीला चार चॅनेल. रात्र रात्र जागून त्याचे बेंचमार्क बघायचो. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो अमेरिकेत १,३९९ डॉलरला आला होता, म्हणजे आपल्याकडे नुसत्या प्रोसेसरलाच लाखाच्या वर. त्यात बोर्ड, १२८ जीबी रॅम, हजार वॉटचा पॉवर सप्लाय आणि कूलर धरला तर बिल सव्वातीन लाखांवर गेलं. ग्राफिक्स कार्डाला पैसेच उरले नाहीत. तसे उरले असते तरी त्या वर्षी कार्डांचा दुष्काळ होता, दुप्पट भावानेही मिळत नव्हती. म्हणून जुन्या मशीनमधलं जीटीएक्स १६६० सुपर काढून यात लावलं. आता आठवलं की हसू येतं. वाड्याला सागवानी दरवाजा आणि आत खाट मोडकी.

तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, सरकारचा आदेश आला: लग्न दोन तासांत उरका, माणसं २५. दादाने बातमी वाचली, वर बघितलं नाही, नुसतं म्हणाला, "बरं झालं की मग. माणशी एक कोअर."

हे वाक्य अजून घरात चालतं. गणपतीला पाहुणे मोजतानासुद्धा.

त्याच वर्षी पावसाळ्यात यूपीएसचंही एक प्रकरण झालं. आमच्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस होता, जुन्या मशीनला उत्तम चालायचा. ६०० व्हीए म्हणजे वॉटमध्ये ३६०च्या आसपास. नवा प्रोसेसर एकटाच २८० वॉटचा, वर कार्डाचे १२५. एका साखरपुड्याचं एक्सपोर्ट ९१ टक्क्यांवर असताना लाइट गेली. यूपीएस एकदा किंचाळला आणि गप्प. पलीकडच्या टेबलावर दादाचं जुनं इंटेल आय-७ मशीन दुसऱ्या यूपीएसवर शांत चालू, स्क्रीनवर नवरीचा क्लोजअप.

पण हे सगळं किरकोळ. खरा दणका २०२२च्या सीझनला बसला. तुळशीची लग्नं झाली, निर्बंध गेले, मुहूर्तावर मुहूर्त. आम्ही नवे दोन कॅमेरे घेतले आणि शूटिंग एच.२६५, १० बिट, ४:२:२ मध्ये सुरू केलं, म्हणजे फाइल दाबून छोटी, पण रंगांची माहिती जास्त. रंग सुरेख. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल एकमेकांत मिसळत नाहीत, ग्रेडिंग करताना हात मोकळा राहतो. फुटेज टाइमलाइनवर टाकलं, दोन कॅमेरे आणि ड्रोन असं मल्टिकॅम केलं, स्पेसबार दाबला. मंगलाष्टकांचा आवाज पुढे चाललाय आणि चित्रात भटजींचा हात हवेतच. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर ३५ टक्के. म्हणजे २४ कोअर ढेकर देत बसलेत आणि मी वाट बघतोय.

कारण सांगतो, कारण याच्यावरच तुमचं उत्तर आहे. या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एखादी पूर्ण, बाकीच्यांत नुसता फरक. एक फ्रेम दाखवायला तिच्या आधीच्या उलगडाव्या लागतात, आणि टाइमलाइन उलटी सरकवली की परत मागच्या पूर्ण फ्रेमपासून सुरुवात. हे काम सगळ्या कोअरमध्ये सारखं वाटून देता येत नाही. त्यासाठी चिपमध्ये वेगळा डीकोडर असतो. एनव्हिडियाच्या तेव्हाच्या कार्डांतल्या डीकोडरला ४:२:२ जमायचं नाही. जमायचं ते इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधल्या साध्या, फुकट येणाऱ्या ग्राफिक्सला. थ्रेडरिपरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच.

मला हे कळलं कसं, तर आमच्याकडे पूर्वी लाइट धरायला यायचा त्या पोराकडून. त्याने इचलकरंजीत स्वतःचं काम सुरू केलं होतं. एकदा आमचं मशीन पार अडकलं आणि पार्टी गळ्यापर्यंत आली, म्हणून हार्ड डिस्क घेऊन त्याच्याकडे गेलो. आय-७ १२७००, तेव्हा तीसेक हजारांचा. ३२ जीबी रॅम. कार्ड माझ्याहून जुनं. कॅबिनेटला बाजूचं पान नव्हतं, आत धूळ, वर अगरबत्तीचं घर. त्याने तेच फुटेज उघडलं आणि जे-के-एल या कळा दाबत पुढे मागे असं पळवलं, जसं काही कॅसेट आहे. मी खुर्ची ओढून जवळ बसलो. तो म्हणाला, "दादा, तुमच्यात इंटेलचं ग्राफिक्स न्हाई नव्हं, म्हणून अडतंय. प्रॉक्सी करा की."

प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपी, केल्या. दोन वर्षं केल्या. शूट करून आल्यावर रात्री अकराला प्रॉक्सी लावायच्या आणि झोपायचं. सव्वातीन लाखांच्या मशीनला तीस हजारांच्या प्रोसेसरसमोर कुबड्या.

आमच्या काकूंना लग्नघरी लाडूंचं काम सांगतात. वळायला वीस बायका बसतात, पण पाक एकटी काकू बघते. वीसच्या चाळीस बायका बसवा, पाक व्हायचा तेव्हाच होणार. जीन अॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हेच गणितात मांडलं. एखाद्या कामाचा निम्मा भागच वाटून देता येत असेल, तर १६ कोअरवर ते एका कोअरच्या १.८८ पट वेगाने होतं आणि २४ कोअरवर १.९२ पट. मधल्या आठ कोअरचे पैसे पाण्यात. ९५ टक्के वाटता येत असेल तर मात्र ९.१ पट आणि ११.२ पट, तिथे फरक दिसतो. एडिटिंगमध्ये तुमचा दिवस पाक बघण्यात जातो: टाइमलाइन सरकवणं, कट मारणं, इफेक्ट लावून बघणं. तिथे एका कोअरचा वेग आणि डीकोडर लागतो. ९९५०एक्स ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ९९६०एक्स ५.४ पर्यंत. म्हणजे दुप्पटतिप्पट पैसे देऊन रोजच्या कामाला काडीचा फरक नाही, झाला तर उलटाच.

आता दादाची बाजू. तो तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो की असली मशीनं नुसती मिरवायला असतात. हे मला मान्य नाही, आणि तो हे वाचणार आहे म्हणून मुद्दाम लिहितो. २०२२च्या दिवाळीनंतर एका मंडपवाल्याने सेटचा थ्रीडी वॉकथ्रू मागितला होता. झेंडूच्या माळा, झुंबरं, पाचशे खुर्च्या. सीन ६ जीबीच्या कार्डात मावेना. मी सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं रेंडर इंजिन, कार्डाऐवजी प्रोसेसरवर लावलं, रॅम १२८ जीबी होतीच. एका फ्रेमला चार मिनिटं. तीच फ्रेम दादाच्या सहा कोअरच्या आय-७ वर सतरा मिनिटं. ३०० फ्रेम होत्या. एकीकडे वीस तास, दुसरीकडे साडेतीन दिवस, आणि मंडपवाल्याची मीटिंग परवा. ते काम त्याच मशीनने केलं. त्या पैशातून दादाची लेन्स आली. ती लेन्स आणताना "माणशी एक कोअर" कुणी म्हणालं नाही.

तेव्हा मशीन चुकीचं नव्हतं, आमच्या धंद्याला चुकीचं होतं. वर्षातून दोनदा वॉकथ्रू आणि दोनशे दिवस टाइमलाइन, असा आमचा हिशेब. उलटा असता तर मी शहाणा ठरलो असतो.

"एकदाच घ्यायचा" याबद्दल तर बोलूच नका. माझ्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेत, ३००० मालिकाच बसते, पुढचं काही नाही. २०२२चे थ्रेडरिपर प्रो वेगळ्या सॉकेटचे, २०२३च्या शेवटी आलेले ७००० आणखी वेगळ्या. त्यांना रॅमही साधी चालत नाही, सर्व्हरवाली रजिस्टर्ड लागते. म्हणजे प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड आणि रॅम दोन्ही विकायची, आणि घेणारा शोधून दाखवा. याउलट आमच्या एका मित्राने २०१७ मध्ये रायझन १७०० बरोबर घेतलेला साधा एएम४ सॉकेटचा बोर्ड अजून आहे. बायोस अपडेट करून त्यात ५९००एक्स बसवला, ८ कोअरचे १२ झाले, बाकी एक स्क्रूसुद्धा बदलला नाही. कमी पैशात दोनदा घेणं हे महागात एकदा घेण्यापेक्षा बरं, हे मला सव्वातीन लाखांत कळलं. तुम्हाला फुकट सांगतोय.

तुमच्या अडीच लाखांचं बघू. ९९६०एक्स २०२५ मध्ये अमेरिकेत १,४९९ डॉलरला आला. इथे कराबिरासकट दीड लाखाच्या खाली धरू नका. बोर्ड महाग. रजिस्टर्ड डीडीआर५चे भाव २०२५च्या अखेरीपासून कुठे गेलेत ते दुकानदाराला विचारा, पण आधी खुर्चीवर बसा. ग्राफिक्स कार्डाला राहणार शून्य. म्हणजे माझीच चूक, नव्या दराने.

त्याऐवजी ९९५०एक्स, ६४ जीबी रॅम आणि आरटीएक्स ५० मालिकेतलं जमेल ते कार्ड. या मालिकेपासून एनव्हिडियाचा डीकोडर ४:२:२ सुद्धा उलगडतो, त्यामुळे माझं जुनं रडगाणं तुम्हाला गावं लागणार नाही. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सच्या भरवशावर मात्र राहू नका, ते ४:२:२ करत नाही. ब्लेंडर बाजूला ठेवून निव्वळ एडिटिंग म्हणाल तर कोअर अल्ट्रा ७ २६५के बघा, पैसे वाचतील. इंटेल घेतलंत तर नावाच्या शेवटी एफ असलेला घेऊ नका, हजार-दोन हजार वाचवायला आतलं ग्राफिक्सच घालवाल. रॅमच्या दोनच पट्ट्या लावा. एएम५वर, म्हणजे नव्या रायझनच्या सॉकेटवर, चार लावल्या की अधिकृत वेग ५६०० वरून थेट ३६०० वर येतो, हे दुकानात कुणी सांगत नाही.

एआय शिकायला कोअर नकोत, कार्डावरची मेमरी लागते. १६ जीबीचं एक कार्ड असेल तर प्रोसेसर कुठलाही चालेल.

थ्रेडरिपर कुणी घ्यावा हेही सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये लोक येतील. ज्यांना दोन-तीन मोठी कार्डं पूर्ण वेगाने एकाच मशीनमध्ये लावायचीत, कारण एएम५ला २४ लेन (कार्डांशी बोलायच्या वाटा) मिळतात आणि त्यातल्या १६ एकटं कार्ड खातं. ज्यांना पाव टीबीच्या वर रॅम लागते. जे दिवसभर प्रोसेसरवर रेंडर, सिम्युलेशन किंवा मोठा कोड कंपाइल करतात, आणि मशीन थांबलं तर तासाला पैसे बुडतात. त्यांनी जरूर घ्यावा, दादाचं ऐकू नये. आणि हो, फुटेज प्रोरेस किंवा रॉमध्ये (जिथे प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली असते) असेल तर माझं डीकोडरचं पुराण बरंचसं लागू नाही. तुम्ही कॅमेरा कुठला ते लिहिलेलंच नाहीये, म्हणून लग्नवाल्यांचं नेहमीचं धरून चाललोय.

माझा थ्रेडरिपर अजून आहे. टेबलाखाली बसून प्रॉक्सी आणि बॅकअप करतो. जुलैमध्ये दादा शूटवरून भिजून आला की त्याच्या मागच्या पंख्यासमोर मोजे वाळत घालतो. मी काही बोलत नाही.

तुम्ही काहीही घ्या, यूपीएस घेताना व्हीए नाही, वॉट विचारा.