ट्यूब गेली की इन्व्हर्टर? घरच्या घरी टेस्टर

प्रश्न : सर, सुदामानगरात घरीच टीव्ही-मॉनिटर रिपेअरिंग करतो. जुने एलसीडी टीव्ही अजूनही येतात आणि तक्रार बहुतेक एकच, चालू केला की दोन सेकंद चित्र दिसतं नि मग काळं, आवाज मात्र चालू. टॉर्च मारली की आत चित्र दिसतं, म्हणजे पडद्यामागचा उजेड, बॅकलाइटच गेलाय. पण तो उजेड देणारी बारीक ट्यूब गेली की तिला जास्त व्होल्टेज पुरवणारा बोर्ड, म्हणजे इन्व्हर्टर, हे कळत नाही. मागच्या महिन्यात एकाचा इन्व्हर्टर बदलून दिला आणि दोष निघाला ट्यूबचा, फार वाईट वाटलं. भंगारातल्या मॉनिटर-लॅपटॉपचे दहा-बारा इन्व्हर्टर पडून आहेत, त्यातून टेस्टर बनेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : बनेल की, आणि चांगला बनेल. महाराणी रोडवरून आणायचं म्हणाल तर १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर, एक फ्यूज, एक पुश बटण नि १० केचा (१० किलोओहमचा) प्रीसेट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा छोटा रेझिस्टर, बाकी सगळं तुमच्या त्या खोक्यातच आहे.

आधी ते दोन सेकंद समजून घ्या, कारण लोक फसतात ते इथेच. ट्यूब पेटायला हजाराच्या वर व्होल्ट लागतात, पेटल्यावर पाच-सातशेवर चालते, करंट जेमतेम ५-६ मिलिअँपिअर. इन्व्हर्टरमधला आयसी, म्हणजे कंट्रोलची चिप, हा करंट बघत असतो, आणि एक जरी ट्यूब म्हातारी झाली, वायर सुटली, की तो सगळंच बंद करून टाकतो. म्हणजे इन्व्हर्टर बरेचदा धडधाकट असतो, तो आपलं काम करतोय नि आपण त्यालाच बदलतो.

म्हणूनच टेस्टरसाठी आयसीवाला हुशार इन्व्हर्टर घेऊ नका. जुन्या स्कॅनरमधली इन्व्हर्टरची पट्टी मिळाली तर सोनं समजा, तिच्यावर आयसी नसतो, दोन सारखे ट्रान्झिस्टर, एक ट्रान्सफॉर्मर, एक-दोन कपॅसिटर, बस. प्रोटेक्शनच नाही, त्यामुळे मरायला टेकलेली ट्यूबसुद्धा तो दाखवत राहतो, आणि आपल्याला तेच बघायचंय. आधी ९ व्होल्टवर लावा, मग १२ वर.

तो नसेल तर लॅपटॉपचा किंवा एक-दोन ट्यूबचा मॉनिटरवाला घ्या. चार आउटपुटचा नको, चारही ट्यूब लावल्याशिवाय तो चालू राहतच नाही. पिना अशा ओळखा, बोर्डावरच्या फ्यूजकडे नि मोठ्या कपॅसिटरच्या प्लसकडे जाते ती सप्लाय, स्क्रूच्या भोकाला जोडलेली ती ग्राउंड, उरलेल्या दोनांत एक ऑन आणि एक ब्राइटनेस. ऑनला ५ व्होल्ट १० केच्या रेझिस्टरमधून द्या, थेट १२ नको. ब्राइटनेसला प्रीसेट लावा, कारण काहींमध्ये शून्य व्होल्टला पूर्ण उजेड पडतो नि काहींमध्ये ५ ला, तेव्हा फिरवूनच बघायचं. सप्लायच्या वायरीत १ अँपिअरचा फ्यूज आणि पुश बटण टाका, बोट उचललं की बंद.

ट्यूबकडे जाणारी वायर वीतभरच ठेवा. लांब केली, किंवा लोखंडी टेबलावर टेकवली, की आउटपुट वाटेतच गळतं नि चांगली ट्यूब मंद दिसते. मी सुरुवातीला दीड फुटाची वायर लावून दोन चांगल्या ट्यूबा बाद ठरवल्या होत्या, तेव्हा हे आवर्जून सांगतोय. लॅपटॉपच्या इन्व्हर्टरवर ३२ इंची टीव्हीची लांब ट्यूब एका टोकालाच पेटली तर तीही लगेच बाद करू नका, इन्व्हर्टरची ताकद कमी पडतेय, मॉनिटरचा मोठा लावून बघा.

चांगली ट्यूब टोकापासून टोकापर्यंत पांढरी पेटते. गुलाबी-लालसर उजेड आणि टोकं काळी, म्हणजे ती संपली. थंडीत सुरुवातीला थोडी गुलाबी दिसू शकते, म्हणून दहा मिनिटं चालू ठेवा, टीव्हीत दोन सेकंदात बंद होणारी ट्यूब इथे पाचव्या मिनिटाला लुकलुकायला लागते. टोकांना वायर नसून वरून धातूची टोपी असेल तर ती वेगळी जात, तिच्यासाठी हा टेस्टर नाही.

आउटपुटला मल्टीमीटर लावू नका, ४०-५० किलोहर्ट्झला एवढ्या व्होल्टेजवर तो जातो. बोटही नको. माझ्या तर्जनीला एकदा सुईच्या टोकाएवढा पांढरा डाग पडला, दिसायला काहीच नाही, पण आत खोल भाजलेलं, आठ दिवस ठणकत होतं. सगळं प्लास्टिकच्या डब्यात बसवा नि ट्यूब चालू असताना एक हात पाठीमागे.

ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, झाडू न मारता कागदाच्या पट्टीने काचा गोळा करा, डब्यात बंद करा, आणि आपल्या इंदूरच्या कचरागाडीत घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा आहेच, त्यातच द्या.

आणि त्या गिऱ्हाइकाच्या टीव्हीतून काढलेला इन्व्हर्टर टाकला नसेल तर परत बसवून बघा, माझा अंदाज आहे तो चालेल, मग नवा पुढच्या कामाला राहील नि त्याचे पैसे त्याला परत देता येतील.