चूक कोणाची हे ठरायच्या आधी

पहिल्यांदाच गाडी घासली गेली की हात थरथरतात आणि तोंडातून आपसूक ‘सॉरी, माझंच लक्ष नव्हतं’ निघून जातं. तेवढं वाक्य आवरा. कुणाला लागलंय का ते आधी बघा, मदत करा. पण दोष कोणाचा हे रस्त्यावर कबूल करू नका, आणि घाईत लिहिलेल्या कागदावर सही तर नकोच.

फोटो काढताना सगळे चेपलेल्या भागाचाच काढतात. वाद मिटवतो तो लांबून घेतलेला फोटो: दोन्ही गाड्या कोणत्या कोनात थांबल्या, लेनचे पट्टे, सिग्नल, चाकं कुठे वळलेली. जागा धोक्याची नसेल तर गाड्या हलवण्याआधीच हे करा. समोरच्याचा गाडी नंबर, पॉलिसीचा तपशील, जमलं तर एखाद्या त्रयस्थाचा फोन नंबर घ्या. डॅशकॅमची क्लिप लगेच बाजूला काढून ठेवा, कारण जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढत जातं.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, क्लेम करायचा नसला तरी. समोरचा उद्या वेगळंच सांगू शकतो. कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. ओरखडा छोटा असेल तर आधी हिशोब मांडा: डिडक्टिबल (क्लेममध्ये आपल्यालाच भरावी लागणारी ठराविक रक्कम) आणि बुडणारा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) मिळून दुरुस्तीहून जास्त होत असेल, तर खिशातून केलेलं बरं. स्वतःच्या गाडीचं नुकसान पॉलिसीत धरलेलं असेल, तर दोषाचा निकाल लागेपर्यंत सहसा थांबावं लागत नाही. कंपनी तुम्हाला पैसे देऊन नंतर समोरच्या बाजूकडून वसूल करू शकते. क्लेमवरचा कंपनीचा निर्णय विरोधात गेला तर कारणं लेखी मागा.