पत्रात आई एकदाच येते

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र सावकाश वाचलं. इतरांसाठी आधी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. पक्षाघातानंतर तुमची आई अंथरुणाला खिळून आहे, तिचं बोलणं जवळजवळ गेलंय. दोन वर्षांहून अधिक काळ तिचं सगळं दादा एकटा करतो. तुम्ही दुसऱ्या गावी असता, महिना-दीड महिन्याने येऊन जाता. गेल्या खेपेला खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. दादा चादर बदलत होता आणि आईने त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. ‘सोड म्हणतोय ना!’ असं म्हणत त्याने तिची बोटं एकेक करून उलटी वाकवली आणि मग मनगट पिरगळलं. आईच्या तोंडून श्वास अडकल्यासारखा आवाज आला. थोड्या वेळाने तुम्ही आत गेलात, तेव्हा तोच दादा तिचे केस विंचरत होता, हलक्या हाताने, भांग नीट पाडत. तुम्ही काहीच न बोलता परत आलात.

तुम्ही लिहिता, ‘आमच्या वाचन गटात मीच नेहमी म्हणायचे, की माणूस काळा किंवा पांढरा नसतो, म्हणून तर कादंबऱ्या वाचायच्या. आता पुस्तक उघडलं की त्याचे हात दिसतात. यातला खरा दादा कोणता? मी त्याच्याशी बोलू, की पाहिलंच नाही असं समजू?’

बोला, आणि लवकर बोला. कसं ते पुढे लिहितेच. पण खऱ्या दादाचा प्रश्न तुम्हाला जास्त छळतोय, म्हणून आधी त्याकडे वळते.

केस विंचरणारा दादा खरा आहे आणि मनगट पिरगळणाराही खराच आहे. एकाला मुखवटा ठरवलं की दुसऱ्याचा उलगडा होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. तुम्ही वाचणाऱ्या आहात, म्हणून काफ्काच्या ‘मेटामॉर्फसिस’ची आठवण करून देते. 1915 साली छापलेली ही गोष्ट. आपल्याला आठवतो तो सकाळी उठल्यावर किडा झालेला ग्रेगोर. मला मात्र त्याची बहीण ग्रेटे जास्त अस्वस्थ करते. सुरुवातीला त्या खोलीत जायचं धाडस तीच करते. त्याला आता काय रुचतं ते कळावं म्हणून तऱ्हेतऱ्हेचं अन्न मांडून ठेवते. मग दिवस जातात, ती कामाला लागते, थकते. कामावर जाण्याच्या घाईत काहीतरी खायला पायानेच आत सरकवते आणि संध्याकाळी त्याने ते खाल्लं की नाही हे न बघता झाडून टाकते. शेवटी ‘याला आता घालवायलाच हवं’ असं म्हणणारीही तीच असते. तिचा सुरुवातीचा जिव्हाळा खोटा होता असं ती गोष्ट वाचून कोणी म्हणणार नाही. तो एकटीच्या खांद्यावर पडला आणि रोज थोडा थोडा झिजला.

दादाचंही तसंच झालं असावं. आजारी माणसाची सेवा करणाऱ्यावरचा ताण मोजण्यासाठी स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली एक प्रश्नावली मांडली. तिचं 22 प्रश्नांचं रूप आज जगभर वापरलं जातं. त्या माणसाजवळ असताना तुम्हाला राग येतो का, हा त्यातलाच एक प्रश्न. म्हणजे हा राग इतका ओळखीचा आहे, की तो तपासणीच्या कागदावर आधीपासून छापलेला असतो. दादाला राग आला म्हणून तो दुष्ट ठरत नाही. पण राग येणं आणि दुखऱ्या माणसाचं मनगट पिरगळणं यांत जे अंतर आहे, ते त्याने ओलांडलं आहे. दमला होता म्हणून ते अंतर कमी होत नाही.

टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’मधल्या गेरासिमचा दाखला तुम्ही स्वतःच दिलाय. मरणाऱ्या मालकाला बरं वाटावं म्हणून त्याचे पाय रात्री खांद्यावर धरून बसणारा तो नोकर. ‘दादा गेरासिमसारखा का नाही?’ असं तुम्ही विचारता. मला ही तुलना दादावर अन्याय करणारी वाटते. गेरासिम तरुण आहे, धडधाकट आहे, त्याचं दुखणेकऱ्याशी रक्ताचं नातं नाही, आणि तो आजार काही महिन्यांत संपतो. गेरासिमचा चांगुलपणा अस्सल आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्याला दोन वर्षं, एकट्याला, स्वतःच्या आईपाशी ठेवून टॉलस्टॉयने गोष्ट लिहिलेली नाही.

आता जे लिहिणार आहे ते वाचताना कदाचित लागेल. तुमच्या चार पानी पत्रात दादा ओळीओळीत आहे. त्याचं लहानपण, त्याने तुमच्यासाठी सोडलेलं शिक्षण, त्याचे हात. आई एकदाच येते, त्या आवाजापुरती. ती नंतर कशी होती, तिने तुमच्याकडे पाहिलं का, तिचं मनगट तुम्ही हातात घेतलंत का, यातलं काही नाही. कादंबरी वाचताना आपण असंच करतो. ज्याच्या मनात खळबळ आहे त्याच्या मागे जातो आणि ज्याला सोसावं लागतं त्याला पार्श्वभूमीत ठेवतो. तिथे ते चालतं, कारण वाचकावर कुणाला वाचवायची जबाबदारी नसते. समजून घेतलं की त्याचं काम झालं. तुम्ही मात्र त्या दारात उभ्या होतात. दादाला समजून घेणं हा तुमच्या कामाचा एक भाग आहे, आणि तो दुसरा भाग आहे. पहिला आई.

काफ्काच्या गोष्टीतली मला सगळ्यात क्रूर वाटणारी बाब हीच. ग्रेगोरला बाहेरचं सगळं बोलणं ऐकू येतं आणि कळतं. त्याला काही कळत नाही असं घरच्यांनी गृहीत धरलेलं असतं. पक्षाघातानंतर अनेकांचं बोलणं जातं, पण समज बरीच शिल्लक असते. त्यामुळे आईला विचारा. दादा घरात नसताना तिच्याजवळ बसा आणि ‘हो-नाही’त उत्तर देता येतील असे प्रश्न करा; हात दाबून किंवा पापणी मिटून ती सांगू शकेल. दुखतं का? भीती वाटते का? मी इथे राहू का? तिला आंघोळ घालताना मनगटं, दंड, मांड्या नीट पाहा. बोटांच्या आकाराचे डाग, जुने-नवे वेगवेगळ्या रंगांचे वळ, कुणी जवळ आल्यावर अंग चोरणं, हे सगळं लक्षात ठेवा आणि तिच्या डॉक्टरांना दाखवा. घरातली गोष्ट बाहेर कशी न्यायची, असं मनात येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर सहा माणसांमागे एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. तुमच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा ऐकलेलं नसेल.

दादाशी बोलताना ‘तू असा कसा वागलास?’ असं सुरू करू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडेही नसेल आणि तो फक्त स्वतःला वाचवू लागेल. जे पाहिलंत तेवढंच सांगा. ‘त्या दिवशी मी दारात होते. तू आईचं मनगट पिरगळलंस. ते पुन्हा होता कामा नये. आणि आता तू एकट्याने करायचं नाहीस.’ शेवटचं वाक्य पहिल्या तिन्हींइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते तुम्हाला पाळावं लागेल. महिन्यातले काही दिवस तुम्ही तिथे जाऊन राहायचं, रात्रीसाठी पगारी माणूस ठेवायचा, त्याचा खर्च उचलायचा, दादाला दर आठवड्याला एक पूर्ण दिवस घराबाहेर काढायचं. यातलं काय जमेल ते बोलण्याआधी ठरवून जा. हातात काही न घेता फक्त जाब विचारायला गेलात, तर तो त्याचा राग कुणावर काढेल हे तुम्हाला ठाऊक आहे.

तो रडेल, चिडेल किंवा साफ नाकारेल. रडला तर त्याच्याजवळ बसा. चिडला तरी व्यवस्था बदलाच. नाकारलं, किंवा आईच्या अंगावर खुणा सापडल्या, तर तिला त्याच्या एकट्याच्या हवाली ठेवू नका, एक रात्रही नाही. इथे दादाने तुमच्यासाठी सोडलेल्या शिक्षणाचं ओझं आड येईल. ते ऋण तुमचं आहे, ते आईने फेडायचं नाही.

पुस्तकं मिटून ठेवावीशी वाटतात, तर ठेवा काही दिवस. वाचन खोटं पडलं असं मला वाटत नाही. दारातून जे दिसलं त्याला ‘काही नाही, चादर बदलत होता’ असं म्हणून बरेच जण पुढे गेले असते. तुम्हाला ते जसंच्या तसं दिसलं, आणि दादाचे दोन्ही हात लक्षात राहिले, यात इतक्या वर्षांच्या वाचनाचा वाटा असणार.

पत्रावरची तारीख पाहिली, तिला दहा दिवस होऊन गेलेत. पुढच्या ठरलेल्या खेपेची वाट पाहू नका, या शनिवारीच जा.